हालीचे सात, कलदारचे सहा

आमच्या घरात एक पाढा असा होता, जो कुठल्याच शाळेत शिकवत नसत. सात हाली सहा कलदार, चौदा हाली बारा कलदार, एकवीस हाली अठरा कलदार. माझे आजोबा हा पाढा झोपेतसुद्धा म्हणत, असं दादी सांगायची. आजोबांना आम्ही दादा म्हणत असू. आम्ही मणियार. बांगड्या विकणं हा पिढीजात धंदा. दादांचं घर परंड्याला, म्हणजे निजामाच्या मुलखात आणि माल भरायचा तो बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. मधे एका दिवसाची पायपीट आणि एक करोडगिरीचा नाका. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचं वय सत्तरीच्या अलीकडचं आहे, त्यांना करोडगिरी हा शब्दच नवा वाटेल. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. सोलापूर जिल्ह्यातून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जाताना तेव्हा गाठोडं सोडून दाखवावं लागे.

दादांच्या कमरेला दोन कसे असत. डावीकडच्या कशात हाली, उजवीकडच्या कशात कलदार. दोन्ही रुपयेच. दोन्हींचे सोळा आणे, दोन्हींच्या आण्याच्या बारा पै. दोन्ही चांदीचे. पण एक रुपया म्हणजे दुसरा रुपया नव्हे. आपल्याला परदेशी जाताना डॉलर आणि रियालचे भाव पाहायची सवय आहे. पण विनिमय दर नावाची ही भानगड आपल्या मराठवाड्यात बाजारच्या दिवशी, कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा करावी लागे, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही.

आधी नावांचं पाहू. कलदार म्हणजे कळीचा, यंत्राचा. कल म्हणजे यंत्र. कंपनी सरकारच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला, काठाला दाते असलेला, सगळे एकसारखे असा रुपया. हातोड्याने ठोकलेल्या देशी नाण्यांपुढे तो फारच देखणा दिसे. म्हणून आजही आपल्याकडे 'कलदार मोजले' म्हटलं की खणखणीत रोख पैसे डोळ्यांपुढे येतात. आणि हाली म्हणजे हालचा, सध्या चालू असलेला. आपला मराठी 'हल्ली' हा शब्द त्याच घरचा. ज्या नाण्याचं नावच 'हल्लीचं' असं होतं, ते आता जुन्या बाजारात, पुराण्या भांड्यांच्या शेजारी विकायला असतं. मी कवी असल्यामुळे मला या गोष्टीची उगाच मौज वाटते.

हैदराबादच्या आसफजाही राज्यात रुपये पडत होते, पण बराच काळ त्यांच्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं असे. १८५७ नंतर बहादूरशहा जफर रंगूनला गेले, तेव्हा नाण्यावर लिहायला बादशहाच उरला नाही. मग १८५८ च्या सुमारास आसफजाह हे नाव नाण्यावर आलं. पुढे महबूब अली खान यांच्या काळात, १९०३-०४ मध्ये, चारमिनारचं चित्र असलेला यंत्रावरचा रुपया आला आणि हाली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहू लागला. चारमिनारच्या मधल्या कमानीत राजाच्या नावाचं पहिलं अक्षर असे. महबूब यांचा मीम, १९११ नंतर उस्मान अली खान यांचा ऐन. वर ९२ हा आकडा. मीम चाळीस, हे आठ, पुन्हा मीम चाळीस आणि दाल चार. अक्षरांना आकडे देण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे मुहम्मद या नावाची बेरीज. इंग्रजांचे कायदे या राज्याला सगळीकडून वेढून होते, पण हैदराबादचं टपाल वेगळं होतं, रेल्वे वेगळी होती आणि रुपया वेगळा होता. एकेकाळी बहुतेक संस्थानांचे रुपये वेगळे होते. ते एकेक करून बंद पडले. हैदराबादचा टिकला.

आता दराकडे येऊ. माझ्याकडे एक हाली रुपया आहे. तो कसा आला ते शेवटी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी तो एका सराफाकडून तोलून घेतला. अकरा ग्रॅमला किंचित जास्त भरला. पुस्तकातलं वजन आहे ११.१७८ ग्रॅम आणि हजारात ८१८ भाग चांदी. म्हणजे एका हालीत शुद्ध चांदी सव्वानऊ ग्रॅमला थोडी कमी. कलदारचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. आता दादांचा पाढा तराजूत टाका. सात हालीतली चांदी चौसष्ट ग्रॅम. सहा कलदारमधली चांदी चौसष्ट ग्रॅम. फरक निघतो एका गुंजेच्या आसपास.

मी हा गुणाकार केला तेव्हा कागद बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. निजामाची शान म्हणून हालीचं कौतुक करणारे लोक मी पाहिले आहेत. गुलामीची खूण म्हणून तिला हिणवणारेही पाहिले आहेत. दोघांपैकी कोणीच ती कधी तोलून पाहिलेली नसते. सातास सहा हा दर कोणाच्या मोठेपणाचा किंवा कमीपणाचा नव्हता. तो चांदीचा सरळ हिशोब होता.

मात्र हा हिशोब नेहमीच इतका सरळ चालला नाही. एकोणिसाव्या शतकात टांकसाळ खुली असे. तुमच्याकडे चांदी असेल तर ती नेऊन द्या, घडणावळ भरा, रुपये घेऊन या. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत यांत फार अंतर पडत नसे. पण १८७० च्या दशकात जर्मनीने आणि मग इतर देशांनी चांदी सोडून सोनं धरलं आणि जगभर चांदीचा भाव घसरत गेला. विलायतेला पैसे पाठवणाऱ्या इंग्रज सरकारचं कंबरडं मोडायला लागलं. तेव्हा १८९३ मध्ये त्यांनी आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. कलदार दुर्मीळ केला आणि पुढे त्याला सोळा पेन्सच्या दराने विलायती पौंडाला बांधून टाकला. त्या दिवसापासून कलदार हा चांदीचा तुकडा राहिला नाही. चांदीवर छापलेली ती एक हुंडीच झाली. हालीच्या मागे मात्र विलायत नव्हती. साहजिकच दोघांमधला भाव हलू लागला. शंभर कलदारांना आज इतके हाली, उद्या तितके. हे दिवस सराफांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद सरकारने नवा रुपया काढला, नाणी किती पाडायची ते हातात घेतलं, तेव्हा कुठे भाव ठिकाणावर आला. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हेच आपलं सातास सहा.

ठिकाणावर आला तरी तो पेंगत नसे, अधूनमधून कूस बदलायचा. दिवाळीनंतर कापूस निघे, भुईमूग निघे. बार्शी लाइट रेल्वे १९११ पर्यंत लातूरला पोचली होती. तिच्या छोट्या डब्यांतून माल बाहेर जाई. मुंबईच्या पेढ्यांचे अडते शेतकऱ्याला पैसे देणार ते हालीतच, कारण शेतसारा हालीत भरायचा. मग हाली महाग होई. पुढे लग्नसराईत शेतकरी कापड, मीठ, रॉकेल घ्यायला निघे. हा माल बाहेरून येई, तो कलदारमध्ये. मग कलदार महाग होई. सरकारने हा झोका फार जाऊ नये म्हणून वेगळा निधी बाजूला ठेवला होता, त्यातून गरजेप्रमाणे खरेदी-विक्री चाले. आज रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे येतात. त्या वेळी हेच काम हैदराबादच्या खजिन्यात गुपचूप चालत असे.

पण सामान्य माणसाला निधी माहीत नसतो, त्याला माहीत असतो बट्टा. एक नाणं देऊन दुसरं घेताना जे कापलं जातं, तो बट्टा किंवा वटाव. 'नावाला बट्टा लागला' हे आपण आज चारित्र्याबद्दल म्हणतो, ती मूळची सराफकट्ट्यावरची भाषा. आणि या बट्ट्याची एक खोड मला दादांनी समजावून सांगितली होती. ती कुठल्याही पुस्तकात मला इतकी स्वच्छ सापडली नाही.

एक कलदार आणा घ्या. त्याच्या हालीत किती पै होतात? बरोबर चौदा. एक कलदार रुपया म्हणजे हालीत एक रुपया दोन आणे आठ पै. बरोबर, काही उरत नाही, काही कमी पडत नाही. आता उलटं करा. एका हाली रुपयाचे कलदार किती? तेरा आणे आठ पै आणि वर एका पैचे सात भाग केले तर त्यातले चार. पैचे सात भाग करणारी सुरी कोणाकडे असते? म्हणजे बार्शीचा माणूस परंड्याला आला तर त्याचा हिशोब चोख होई आणि परंड्याचा माणूस बार्शीला गेला तर त्याच्या प्रत्येक रुपयामागे काहीतरी तुटके उरे. ते तुटके सराफाचे. सराफ तेवढ्यावर थांबला तर देवमाणूस म्हणायचा. एरवी तो साडेतेरा आणे हातावर ठेवी आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघे. निजामाच्या मुलखातला माणूस बहुधा गरीब होता आणि बाजार इंग्रजी मुलखात होता. त्यामुळे दर कितीही प्रामाणिक असला तरी अपूर्णांक नेहमी एकाच बाजूला पडत राहिला.

दादांनी यावर एक तोड काढली होती. परंड्याच्या बाजारात ते बांगड्यांचे भाव सातच्या पटीत ठेवत आणि बार्शीकडच्या खेड्यांत सहाच्या पटीत. डझनाला सात आणे हाली किंवा सहा आणे कलदार. गिऱ्हाईक कुठल्याही बाजूचं असो, कुठलंही नाणं देवो, तुटकं निघायचंच नाही. चौथी शिकलेला माणूस. मी बी. ए. झालो तेव्हा त्यांची ही युक्ती मी एकदा कागदावर मांडून पाहिली आणि मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

मोठ्या लोकांचे तुटके मोठे असत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर. सातास सहाने केलं तर हालीत ते होतात एकोणतीस लाख सोळा हजार सहाशे सहासष्ट रुपये दहा आणे आठ पै. अख्खा वऱ्हाड गेला त्याचं काही नाही, पण हे वरचे दहा आणे आठ पै कोणत्या कारकुनाने कोणत्या खात्यात टाकले असतील, असा प्रश्न मला पडतो.

पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला. संस्थानांना कागदी नोटा काढू द्यायच्या नाहीत हा इंग्रजांचा जुना हट्ट होता. तो चांदीच्या टंचाईपुढे आणि हैदराबादने युद्धाला केलेल्या मदतीपुढे वाकला. १९१८ मध्ये हैदराबादचा चलन कायदा झाला आणि दहा व शंभराच्या नोटा निघाल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाचाच्या, १९२६ मध्ये हजाराची. या चलनाचं सरकारी नाव उस्मानिया सिक्का. कचेरीतल्या कागदांवर दोन अक्षरं असत. ओ. एस. म्हणजे उस्मानिया सिक्का, बी. जी. म्हणजे ब्रिटिश गव्हर्न्मेंटचा कलदार. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. या नोटा आधी विलायतेत छापल्या जात आणि पुढे नाशिकच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. स्वतंत्र चलनाचा अभिमान हैदराबादला, आणि छापणार नाशिक. १९४१ मध्ये या चलनाची व्यवस्था पाहायला हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, १९४२ मध्ये तिचं काम सुरू झालं. हीच पुढची स्टेट बँक ऑफ हैदराबाद. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत मिसळून गेली तेव्हा मराठवाड्यातल्या पुष्कळ पेन्शनरांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तोवर चांदीचा हिशोबही जुना होऊन गेला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, इंग्रजांनी कलदारमधली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा केला. म्हणजे कलदारमध्ये चांदी उरलीच नाही. पण बाजारात दर काय? सातास सहा. ज्या तराजूने तो जन्माला घातला, तो तराजू मोडला तरी दर तसाच चालू राहिला. सवय ही चांदीपेक्षा टणक असते.

आता १९४७-४८ कडे यायला हवं. त्याबद्दल आमच्याकडे आवाज खाली करून बोलतात.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीची भारताकडे निर्यात रोखली आणि दुसऱ्याने भारताचा रुपया हैदराबादच्या हद्दीत कायदेशीर चलन नाही असं ठरवलं. शिवाय पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचं कर्ज दिल्याचं उघडकीला आलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. दिल्ली आणि हैदराबादमधल्या भांडणात या चलनाच्या गोष्टी फार मोठ्या ठरल्या. दादांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की त्यांचा उजवा कसा एका रात्रीत चोरीचा माल झाला. नाक्यावर कमर चाचपली जाऊ लागली.

त्या वर्षी रझाकारांनी सरहद्दीवरच्या गावांत जो धुमाकूळ घातला, त्याला भिऊन शेकडो हिंदू कुटुंबं बार्शीकडे निघाली. अंगावर होतं ते घेऊन. जवळ पैसा असेल तर तो हाली. बार्शीच्या बाजारात हाली घ्यायला कोणी राजी नव्हतं, आणि घेतली तर सातास सहाने नव्हे. रुपयाला बारा आणे, दहा आणे, देणाऱ्याच्या मनाला येईल ते. मग सप्टेंबर आला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पोलीस अॅक्शन. निजाम शरण आला, मराठवाडा मोकळा झाला. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. रझाकार होते ते बहुतेक पळाले, मार पडला तो गावातल्या मणियारांना, पिंजाऱ्यांना, अत्तारांना. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे म्हणून नोंदवले आणि मृतांचा आकडा, अगदी कमीत कमी धरला तरी, सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. दादा दादीला आणि दोन मुलांना घेऊन रातोरात बार्शीलाच गेले, ज्या सराफांशी वीस वर्षं ओळख होती त्यांच्या आसऱ्याला. कमरेला हाली.

ते मला सांगायचे, 'आधी त्यांची हाली बारा आण्याला गेली, मग आमची.' यात त्यांचा कोणावर राग नव्हता. ते नुसता भाव सांगत होते.

आसरा देणाऱ्या त्या सराफाने मात्र दादांची हाली सातास सहानेच घेतली. हे सांगितलं नाही तर माझ्या नावाला बट्टा लागेल.

हाली बुडणार, कागद होणार, अशी आवई महिनोन्‌महिने उठत राहिली. प्रत्यक्षात सरकारने घाई केली नाही, आणि हे मला त्या काळातलं एक शहाणपणाचं काम वाटतं. भारतात विलीन झाल्यावरही हैदराबादचा रुपया चालू ठेवला. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या शेजारी आणून बसवला, दर तोच ठेवला. १९५१ मध्ये नवी हाली काढणं बंद झालं. जुनी मात्र हातोहात फिरत राहिली आणि तिचं चलन पूर्णपणे रद्द झालं ते १९५९ मध्ये. मधे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले. विचार करा, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईने दहा वर्षांत हाली, कलदार, आणे, नवे पैसे हे सगळं बोटांवर सांभाळलं. आपण एक मोबाईल बदलला तरी आठ दिवस कुरकुरतो.

पगारदारांचं दुःख वेगळं. सत्तर रुपये हाली पगार होता, तो साठ रुपये झाला. हिशोबाने कोणी दहा रुपये कापले नव्हते. पण सत्तरची सवय झालेल्या घरात साठ आले की घरमालकीण विचारणारच, दहा कुठे गेले? आणि दुकानदाराने भाव सातास सहाने उतरवले असते तर प्रश्नच नव्हता. डझनाला सात आणे होते त्याचे सहा झाले का? दादा म्हणत, 'मी केले. बाकीच्यांचं मला विचारू नको.'

आता माझ्या हाली रुपयाची गोष्ट. दादा-दादीचा निकाह झाला १९३६ मध्ये. निकाहनाम्यात मेहरची रक्कम उर्दूत लिहिलेली आहे: एकशे पंचाहत्तर रुपये सिक्का-ए-उस्मानिया, ज्याचे निम्मे सत्याऐंशी रुपये आठ आणे. निम्मे लिहायची ही रीत जुन्या दस्तऐवजांत असते. कोणी आकड्यात एक शून्य वाढवलं किंवा खोडलं तर निम्म्याशी ताळा जुळू नये म्हणून. मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती तिची, तिच्या हक्काची. बहुतेक घरांत ती उधारच राहते आणि नवऱ्याचा जनाजा उठायच्या वेळी बायका जमून विधवेला म्हणतात, माफ कर. ती रडत रडत माफ करते. ही रीत मला कधीच पटलेली नाही.

दादांनाही पटत नसावी. १९८४ मध्ये ते आजारी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःहून विषय काढला. अब्बांकडून दीडशे रुपये मागवून घेतले, शंभराची एक आणि दहाच्या पाच, आणि दादीच्या हातात ठेवले. एकशे पंचाहत्तर हालीचे सातास सहाने दीडशे. पैचाही फरक नाही.

दादीने नोटा मोजल्या. म्हणाली, 'ये तो कलदार हैं. मेरा मेहर हाली में लिखेला है.'

दादा तिला पाढा समजावून सांगू लागले. पन्नास वर्षं तो पाढा ऐकलेल्या बाईला. ती म्हणाली, पाढा मला येतो. पण ज्या दिवशी हे लिहिलं त्या दिवशी एवढ्यात आपल्या दारात तीन-चार म्हशी उभ्या राहिल्या असत्या. आज दीडशेत एक साडी येते, तीही रंग जाणारी. मी पुढे हिशोब केला. एकशे पंचाहत्तर हालीत शुद्ध चांदी होते एक किलो सहाशे ग्रॅम. सातास सहा हा दर एका रुपयाचा दुसऱ्या रुपयाशी चोख होता. पण १९३६ च्या रुपयाचा १९८४ च्या रुपयाशी दर काय, हे कुठल्या सराफाने सांगावं? हा प्रश्न दादीलाच पडला असं नाही. नाणं बदललं, स्वस्त झालं किंवा चालेनासं झालं तर जुनं देणं आकड्याने फेडायचं की किमतीने, यावर हनफी पंडितांमध्ये शेकडो वर्षं वाद चालला आहे. इमाम अबू यूसुफ किमतीच्या बाजूचे. दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकात याच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दादीला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला म्हशी माहीत होत्या.

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी अब्बांना बार्शीला पाठवलं, हालीचे जितके मिळतील तितके रुपये आण म्हणून. बहुतेक हाली तोवर वितळून पैंजण आणि ताटवाट्या झाल्या होत्या. हिंडून हिंडून अब्बांना सात मिळाले. चांदीच्या भावाने.

दादीने एकेक रुपया फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकला. चारमिनारवरून अंगठा फिरवला. नोटा परत दिल्या नाहीत, त्या पदराच्या गाठीला बांधल्या. सातातले सहा रुपये तिने आपल्या पेटीत ठेवले. मी दाराशी उभा होतो, चौदा वर्षांचा. सातवा तिने माझ्या हातावर ठेवला आणि दादांकडे बघत म्हणाली, 'ये बट्टा.'